पुढचीच चाकं काळी का?

रविवारी सकाळी पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमधून एक फेरी मारावी. पांढऱ्या, चंदेरी गाड्या ओळीत उभ्या असतात. पत्रा पुसून लखलखीत, काचा स्वच्छ, आणि पुढची दोन चाकं मात्र काळवंडलेली. मागची दोन त्या मानाने बरी. चारही चाकं एकाच रस्त्यावरून, एकाच चिखलातून आलेली असतात. गाडी धुणाऱ्याने चारही चाकांवर तोच ओला फडका फिरवलेला असतो. तरी हा भेदभाव राहतोच. म्हणजे ती घाण रस्त्याची नव्हे.

रस्त्याची धूळ आपल्याकडे तांबूस असते नाहीतर करडी, आणि पाण्याच्या एका फवाऱ्यात बहुतेक निघून जाते. चाकावरची ही भुकटी काळपट, जरा तपकिरी झाक असलेली असते. बोटाला लागली तर एकदा साबण लावून भागत नाही. ती येते ब्रेकमधून. खात्री करायची असेल तर फ्रिजवर लावायचं लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळावं आणि रिमच्या आतल्या कडेवरून फिरवावं. पिशवीवर बारीक काळे काटे उभे राहतात. चुंबक काढून घेतलं की ती पूड कागदावर गळून पडते. अलॉय व्हीलची रिम ॲल्युमिनियमची असते आणि ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही. तेव्हा हे लोखंड दुसरीकडून आलेलं आहे हे उघड होतं.

डिस्क ब्रेकची रचना साधी आहे. चाकाबरोबर एक जाड तबकडी फिरते, तिच्या दोन्ही अंगांना कॅलिपरमध्ये पॅड बसवलेले असतात. पायाने पेडल दाबलं की ब्रेक ऑइलच्या दाबाने पॅड तबकडीला दोन्हीकडून धरतात. ही तबकडी बहुतेक गाड्यांत करड्या बिडाची असते, म्हणजे आंबोळ्या आणि घावन ज्या काळ्या तव्यावर निघतात त्याच कुळातली. बीड स्वस्तात ओतता येतं, उष्णता चटकन पसरवतं, आणि त्यातल्या ग्रॅफाइटच्या पातळ चिपांमुळे थरथरही बरीच जिरवतं. मात्र ते झिजतं आणि पाणी लागलं की गंजतं. ब्रेकच्या भुकटीतलं बरंचसं लोखंड या तबकडीचंच असतं.

ब्रेकचं काम म्हणजे गाडीच्या गतीची उष्णता करणं. ती किती होते, हे घाटात कळतं. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटरवर आहे, खोपोली साठ-पासष्ट मीटरवर. १,२०० किलोची गाडी ही साडेपाचशे मीटरची उंची उतरते तेव्हा जवळजवळ ६५ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. सगळीच्या सगळी ब्रेकवर टाकली, तर तेवढ्या उष्णतेत १९ लिटर साधं पाणी उकळायला लागेल, म्हणजे आंघोळीची एक बादली. प्रत्यक्षात वाऱ्याचा अडथळा, टायर आणि इंजिन आपापला वाटा उचलतात, आणि खालच्या गिअरमध्ये शहाण्यासारखं उतरणाऱ्याच्या ब्रेकवर भार बराच कमी येतो. पेट्रोल वाचवायला घाटात न्यूट्रल टाकणारे महाभाग मात्र जवळपास अख्खी बादली ब्रेकवरच उकळतात. शिवाय त्यात पेट्रोलही वाचत नाही. हल्लीच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की इंधन मुळातच बंद होतं.

ब्रेक लावला की गाडीचं वजन पुढे झुकतं. मागची चाकं हलकी होतात, रस्त्यावरची त्यांची पकड कमी होते. म्हणून ब्रेकचा जोर मुद्दामच पुढे जास्त ठेवलेला असतो, साधारण ६० ते ७० टक्के. त्यात आपल्याकडच्या बऱ्याच लहान गाड्यांना मागे डिस्क नसतेच, ड्रम असतो. ड्रममध्ये लायनर आतून घासतात आणि भुकटी आतच साठते. मेकॅनिक ड्रम उघडतो तेव्हा मूठभर काळी पूड खाली पडते, ती हीच. मागची रिम स्वच्छ दिसते ती झाकणामुळे.

भुकटी किती निघत असेल, याचा ढोबळ हिशेब घरीही करता येतो. नव्या पॅडचं घासायचं अस्तर १० ते १२ मिलिमीटर जाड असतं, आणि ते ३ मिलिमीटरवर आलं की मेकॅनिक पॅड बदलायला सांगतो. म्हणजे सातेक मिलिमीटर माल झिजतो. पुढच्या दोन चाकांचे मिळून चार पॅड, एकेकाचं क्षेत्रफळ ५० चौरस सेंटिमीटर धरलं, तर १४० घन सेंटिमीटर माल झाला. वजन साडेतीनशे ग्रॅमच्या वर जातं. हे पॅड ४० हजार किलोमीटर चालले असं मानलं, तर दर किलोमीटरला नऊ-दहा मिलिग्रॅम पूड झाली, आणि यात डिस्कचं झिजलेलं बीड अजून धरलेलंच नाही.

या पॅडमध्ये असतं काय, ही गोष्ट मोठी मजेशीर आहे. इंग्लंडमधल्या डर्बीशायर परगण्यात हर्बर्ट फ्रूड नावाचा एक खटपट्या माणूस होता. तिथल्या डोंगरउतारावर गाडीवान चाकाला अटकाव करायला लाकडी ठोकळ्यावर जुन्या बुटाचं चामडं मारतात, हे त्याने पाहिलं. त्यावरून १८९७ मध्ये त्याने ब्रेकसाठी खास अस्तरं बनवायचा धंदा सुरू केला. त्यातूनच पुढे फेरोडो ही कंपनी उभी राहिली. काही वर्षांनी अस्तरात ॲस्बेस्टॉस आलं. ते उष्णतेला दाद देत नाही, विणता येतं, स्वस्त मिळतं. जवळजवळ शतकभर ब्रेक म्हटलं की ॲस्बेस्टॉस हेच समीकरण होतं. त्याचे धागे फुप्फुसात रुतून कर्करोग होतो हे सिद्ध झाल्यावर एकेका देशाने त्याला हद्दपार केलं. ब्रिटनने १९९९ मध्ये, आणि युरोपीय संघाने सरसकट बंदी २००५ पासून.

आजच्या पॅडमध्ये दहा-वीस पदार्थांचं मिश्रण असतं आणि प्रत्येक कंपनी आपला पाठ गुप्त ठेवते. सगळ्यांना धरून ठेवतं ते फिनॉलिक रेझिन, म्हणजे कुकरची काळी मूठ ज्या बेकेलाइटची असते त्याचाच नातेवाईक. त्यात पोलादाचे तंतू, लोहचूर्ण, ग्रॅफाइट, बराइट, अँटिमनीचं सल्फाइड, आणि पकडीसाठी ॲल्युमिना किंवा झिरकॉनसारखी कठीण पूड घातलेली असते.

आणि त्यात काजू असतो. थट्टा नव्हे. काजूच्या टरफलात एक दाट, तपकिरी, जहाल तेल असतं. वेंगुर्ल्यापासून गोव्यापर्यंत काजूच्या कारखान्यांत बी फोडणाऱ्या बायका हाताला राख किंवा तेल चोपडून बसतात ते यासाठीच, कारण हे तेल कातडीला लागलं की फोड येतात. याच तेलापासून फॉर्मॅल्डिहाइडच्या मदतीने रबरासारखा कडक गोळा तयार करतात, तो दळतात, आणि ती पूड पॅडच्या मिश्रणात घालतात. ब्रेक तापला तरी पकड एकसारखी राहावी, पॅड जरा नरम असावा आणि किंचाळू नये, ही तिची कामं. गेल्या शतकाच्या पूर्वार्धापासून ती जगभरच्या ब्रेकमध्ये वापरली जाते आणि तिला चांगला पर्याय अजून फारसा सापडलेला नाही. कोकणातल्या बागेत निपजलेल्या काजूचा गर दिवाळीच्या डब्यात जातो, आणि त्याचं टरफल अखेर कुणाच्या तरी गाडीच्या चाकावर काळं होऊन बसलेलं असू शकतं.

पॅडच्या जातीवर भुकटीचं प्रमाण ठरतं. जर्मन गाड्यांच्या मालकांची तक्रार असते की धुतल्यावर चार दिवसांत चाकं काळी होतात. ती तक्रार खरी आहे. युरोपात वेगमर्यादा नसलेल्या रस्त्यावर ताशी दोनशेच्या पलीकडून गाडी थांबवायची अपेक्षा असते, म्हणून तिथे बोचरे, धातूचं प्रमाण बऱ्यापैकी असलेले पॅड पसंत करतात. ते डिस्कलाही खरवडतात. जपानी आणि अमेरिकी बाजारात आवाज आणि घाण कमी करणारे, पोलादाचे तंतू नसलेले पॅड जास्त चालतात. त्यांची भुकटी कमी पडते, रंगाने फिकी असते आणि सहज निघते. ‘सिरॅमिक’ म्हणून मिळणारे पॅड बहुधा याच दुसऱ्या घराण्यातले. नुसती चाकं स्वच्छ राहावीत म्हणून मूळ पॅड काढून अनोळखी कंपनीचे पॅड बसवणं मात्र शहाणपणाचं नाही. पॅड थांबण्यासाठी असतो, दिसण्यासाठी नाही.

ही पूड एवढी चिकटून का बसते? एक तर ती फार बारीक असते. तिच्यातले बरेच कण काही मायक्रॉनचे असतात, आणि माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉन जाड असतो. दुसरं, ती तापलेली सुटते. पॅड आणि डिस्क जिथे खरोखर एकमेकांना टेकतात त्या ठिपक्यांचं तापमान शेकडो अंशांवर जातं. तिथून उडालेले कण गरम, टोकदार आणि घर्षणामुळे विद्युतभारित असतात, वर जळक्या रेझिनचा चिकटा. ते रिमच्या आवरणाला लागतात आणि काही त्यात रुततात. पण खरी अडचण पाण्याने सुरू होते. पावसाळ्यात, किंवा अर्धवट धुऊन तशीच सोडलेल्या चाकावर, या कणांतलं लोखंड गंजतं. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. तो फुगतो आणि आवरणात आणखी घट्ट बसतो. पांढऱ्या किंवा चंदेरी रिमवर टाचणीच्या टोकाएवढे तपकिरी ठिपके दिसतात ते हेच. शाम्पूला ते बधत नाहीत, कारण शाम्पू तेलकट मळ सोडवतो. गंज सोडवणं त्याच्या आवाक्यातलं काम नाही.

आता रिमकडे वळू. मोटारीला ओतीव ॲल्युमिनियमची चाकं लावून गाजवलेली पहिली गाडी म्हणजे बुगाटी टाइप ३५. १९२४ मध्ये ल्योंच्या ग्रां प्री शर्यतीत ती उतरली तेव्हा तिच्या आठ पट्ट्यांच्या चाकातच ब्रेकचा ड्रम ओतलेला होता. आजच्या बहुतेक अलॉय व्हीलमध्ये ॲल्युमिनियमबरोबर सुमारे ७ टक्के सिलिकॉन आणि अगदी थोडं मॅग्नेशियम असतं. गॅरेजमध्ये अजूनही चालणारा ‘मॅग व्हील’ हा शब्द शर्यतीच्या गाड्यांच्या मॅग्नेशियम चाकांवरून आला, रोजच्या गाडीत तो धातू प्रमुख नसतो. ओतून, उष्णतेची प्रक्रिया करून झाल्यावर रिमवर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक लॅकर चढवतात. आपण धुतो तो हा लॅकरचा थर, केसापेक्षा फार जाड नसलेला. तो शाबूत असेल तर आतल्या धातूला काही होत नाही.

हल्ली फॅशनमध्ये असलेल्या डायमंड कट रिमचं तर सगळं आयुष्य या थरावर अवलंबून असतं. त्यांचा दर्शनी भाग लेथवर कापून चकचकीत केलेला असतो. खाली रंग नाही, उघडा धातू आणि त्यावर थेट लॅकर. फुटपाथच्या कडेला रिम घासली, दगड लागला, की तिथून पाणी आणि मीठ आत शिरतं आणि लॅकरखाली पांढरट वळवळत्या रेघा पसरत जातात. रत्नागिरी-मालवणकडच्या खाऱ्या हवेत राहणाऱ्या गाड्यांवर त्या लवकर दिसतात. एकदा त्या आल्या की धुऊन जात नाहीत. रिम पुन्हा लेथवर चढवावी लागते, आणि तेही एक-दोनदाच जमतं, कारण दर वेळी धातू कमी होतो.

म्हणूनच चाक धुताना सर्वांत मोठा धोका भुकटीचा नसतो, उत्साहाचा असतो. तारेची घासणी, तांब्या-पितळेची भांडी घासायची पूड, चिंच, फरशी साफ करायचं ॲसिड, हे सगळं लोकांनी रिमवर वापरून पाहिलेलं आहे. घासणी आणि पूड लॅकरवर ओरखडे पाडतात. त्या ओरखड्यांत पुढची भुकटी आणखी पक्की बसते. फरशीचं ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल. ते गंज विरघळवतं हे खरं, पण लॅकरला जिथे चीर असेल तिथून ॲल्युमिनियमही खातं, चाकाच्या नटांवरचा मुलामा घालवतं आणि शेजारच्या डिस्कवर तासाभरात नारिंगी गंज चढवतं. उलट टोकाच्या क्षारयुक्त क्लीनरचीही तीच कथा. धुण्याच्या सोड्याने ॲल्युमिनियमचं पातेलं घासलं की ते काळं पडतं, हे स्वयंपाकघरात सगळ्यांना माहीत असतं. ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा संरक्षक पापुद्रा आम्लातही विरघळतो आणि क्षारातही. मधल्या, जवळपास उदासीन पट्ट्यातच तो टिकतो.

काही स्वस्त, नाव-गाव नसलेल्या व्हील क्लीनरमध्ये हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा अमोनियम बायफ्लोराइड असतं. त्याच्याशी खेळ नको. ते कातडीतून आत शिरतं, शरीरातल्या कॅल्शियमला पकडतं, आणि कधी कधी वेदना काही तासांनी सुरू होतात, तोवर इजा खोल गेलेली असते. मोठ्या प्रमाणात अंगावर सांडलं तर ते जीवघेणं ठरतं. वॉशिंग सेंटरवर एखादा पोरगा उघड्या हाताने बाटलीतलं काहीतरी फवारतो आणि मळ क्षणात वाहून जातो, तेव्हा गाडीमालकाने खूश होण्याआधी बाटलीवरचं लेबल वाचावं. लेबलच नसेल तर गाडी बाहेर काढावी.

लोखंड काढायचं आणि ॲल्युमिनियमला धक्का लावायचा नाही, असा औषधासारखा नेम धरणारं रसायन मात्र आहे. बाजारात ते ‘आयर्न रिमूव्हर’ म्हणून मिळतं आणि त्यातला मुख्य घटक असतो थायोग्लायकोलेट. ब्यूटी पार्लरमध्ये केस कुरळे करायच्या लोशनमध्ये अमोनियम थायोग्लायकोलेट असतं आणि केस काढायच्या क्रीममध्ये त्याचेच भाऊबंद. केसातल्या प्रथिनांचे गंधकाचे दुवे ते तोडतं. चाकावर त्याचं काम वेगळं असतं. गंजातल्या लोखंडाला ते पाण्यात विरघळेल अशा रूपात आणतं आणि त्याच्याशी जुळून जांभळट लाल रंगाचं संयुग बनवतं. प्रयोगशाळेत लोखंडाचं प्रमाण मोजायला हा रंग पूर्वीपासून वापरतात. बिनरंगी द्रव फवारला की मिनिटाभरात रिमवरच्या ठिपक्याठिपक्यातून जांभळे ओघळ सुटतात. गाडीला जखम झाली की काय असं वाटावं असं ते दृश्य असतं, त्यामुळे इंटरनेटवर त्याच्या व्हिडिओंना तोटा नाही. वासाचा मात्र व्हिडिओ निघत नाही. सडक्या अंड्याच्या जवळ जाणारा तो वास कुठलाही सुगंध मिसळून पुरता झाकता आलेला नाही.

रंग आला म्हणजे काम झालं असं नाही. आधीपासून स्वच्छ असलेल्या रिमवरही थोडा जांभळा दिसतोच, आणि डिस्कवर फवारा गेला तर ती आख्खीच जांभळी होते, कारण ती लोखंडच आहे. द्रव तीन ते पाच मिनिटं ठेवून भरपूर पाण्याने धुऊन टाकावा. वाळू दिला तर डाग पडतात. म्हणून चाक गार असावं, गाडी सावलीत असावी, आणि एका वेळी एकच चाक घ्यावं. हातमोजे घालावेत, जागा मोकळी असावी. हा द्रव ॲसिड किंवा ब्लीचबरोबर कधीही मिसळू नये. महिन्या-दीड महिन्यातून एकदा पुरे. दर आठवड्याला लागते ती साधी धुलाई.

आणि ती साधी धुलाई नीट केली तर रसायनाची वेळ क्वचित येते. पत्रा धुण्याआधी चाकं धुवावीत, नाहीतर चाकावरचे शिंतोडे धुतलेल्या दारावर उडतात. चाकांची बादली आणि फडका वेगळा ठेवावा. त्यात लोखंडाचे टोकदार कण असतात, आणि तोच फडका बॉनेटवर फिरवला तर उन्हात दिसणारे गोल ओरखडे पडलेच म्हणून समजा. आधी नुसत्या पाण्याने सुटी पूड घालवावी, मग शाम्पूच्या पाण्यात मऊ ब्रश, नटांच्या खोबणीसाठी जुना टूथब्रश. रिमच्या आतल्या बाजूला हात घालायचा कंटाळा सगळेच करतात, आणि सगळ्यात जास्त भुकटी तिथेच असते. बोअरवेलचं पाणी असेल तर चाक वाऱ्यावर वाळू न देता पुसून घ्यावं, नाहीतर काळ्याच्या जागी क्षारांचे पांढरे ठिपके येतात. कोरड्या रिमवर मेणाचा किंवा सीलंटचा हात मारला की पुढच्या वेळी पूड वरच्यावर निघते.

गावाकडच्या गॅरेजमध्ये अजूनही डिझेल फवारून चाकं आणि गाडीचा खालचा भाग चमकवतात. ते कटाक्षाने टाळावं. टायर काळे करायच्या सिलिकॉन पॉलिशचंही तेच. डिस्कवर त्याचा थेंब गेला तर पॅड तो शोषून घेतो आणि पुढच्या सिग्नलला गाडी अपेक्षेपेक्षा उशिरा थांबते.

चाकावर दिसते ती भुकटी एकूणातली काहीच. बरीचशी हवेत जाते किंवा रस्त्यावर पडून पावसाबरोबर गटारात. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत तांबं कुठून येतं याचा शोध घेताना १९९० च्या दशकात बोट ब्रेक पॅडकडे वळलं. पाण्यात विरघळलेलं थोडंसं तांबंही सामन माशाची वास घेण्याची शक्ती बिघडवतं, आणि वासावरून धोका ओळखणाऱ्या माशाला ते महागात पडतं. २०१० मध्ये कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन या राज्यांनी पॅडमधलं तांबं टप्प्याटप्प्याने कमी करायचे कायदे केले: २०२१ पर्यंत ५ टक्क्यांखाली आणि २०२५ पर्यंत ०.५ टक्क्यांखाली. एवढ्या मोठ्या बाजारासाठी वेगळे पॅड बनवण्यापेक्षा कंपन्यांनी आपला पाठच बदलायला घेतला.

हवेतला हिशेब आणखी बोलका आहे. धुराड्यातून निघणाऱ्या धुरावर इतकी वर्षं बंधनं घातली गेली की धूर कमी झाला आणि ब्रेक, टायर, रस्त्याची झीज यांचा वाटा वर आला. ब्रिटनमधल्या सरकारी तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार तिथल्या रस्तेवाहतुकीतून थेट निघणाऱ्या पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतच्या कणांपैकी ६० टक्के आणि पीएम १०, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांपैकी ७३ टक्के या झिजेतून येतात. त्यामुळे २०२४ मध्ये युरोपीय संघाने मंजूर केलेल्या युरो ७ नियमांत पहिल्यांदाच ब्रेकच्या भुकटीला मर्यादा आली. मोटारींसाठी दर किलोमीटरला ७ मिलिग्रॅम पीएम १०, आणि निव्वळ बॅटरीवरच्या गाड्यांसाठी ३ मिलिग्रॅम. नोव्हेंबर २०२६ च्या अखेरीपासून नव्या मॉडेलना ती लागू होते. मघाच्या ढोबळ हिशेबातले नऊ-दहा मिलिग्रॅम सगळेच पीएम १० नसतात, तरी ते शेजारी ठेवले तर कंपन्यांच्या कपाळावर आठ्या का आल्या असतील ते कळतं.

उपायांचे दोन रस्ते आहेत. एक, डिस्क झिजूच द्यायची नाही. पोर्शेने २०१७ मध्ये बिडाच्या डिस्कवर टंगस्टन कार्बाइडचा थर दिलेला ब्रेक आणला. भुकटी ९० टक्क्यांपर्यंत कमी होते असा कंपनीचा दावा आहे, आणि ते मिरवण्यासाठी त्यांनी या ब्रेकचे कॅलिपर चक्क पांढरे रंगवले. दुसरा, ब्रेकला कामच कमी द्यायचं. इलेक्ट्रिक गाडीत पाय उचलला की मोटर जनित्र होऊन गाडी सावकाश करते, आणि घाट उतरताना ती आंघोळीची बादली उकळण्याऐवजी थोडीफार बॅटरी भरते. पॅड मग दोन-दोन दिवस डिस्कला धड टेकत नाहीत. पण न वापरलेली डिस्क गंजते, म्हणून फोक्सवॅगनने आपल्या आयडी.३ आणि आयडी.४ या विजेच्या गाड्यांना मागे पुन्हा ड्रम दिले. वीस वर्षांपूर्वी ज्याला स्वस्तातलं काम म्हणून नाकं मुरडली, तोच बंद डबा आता भुकटी आत ठेवतो म्हणून गुणी ठरतोय.

धुण्याआधी चाकांकडे एकदा नीट पाहून घ्यावं, कारण भुकटी बातमीही देते. पुढची दोन्ही चाकं सारखीच काळी असायला हवीत. एक जास्त काळं आणि ते चाक प्रवासानंतर दुसऱ्यापेक्षा गरम लागत असेल, तर त्या बाजूचा कॅलिपर अडकलेला असण्याची शक्यता मोठी, म्हणजे ब्रेक सोडला तरी पॅड घासतोच आहे. एकच चाक संशयास्पद स्वच्छ असेल तर तिथला ब्रेक काम करत नसेल. भुकटीऐवजी ओलसर, तेलकट चिकटा दिसला तर ब्रेक ऑइल किंवा ग्रीस गळतंय, आणि मग गाडी धुण्याआधी मेकॅनिककडे न्यावी.

धुऊन झाल्यावर ओली गाडी तशीच उभी करू नये. बिडाच्या डिस्कवर काही तासांत पिवळट गंज चढतो, आणि हँडब्रेक ओढून दोन-चार दिवस ठेवली तर मागचे पॅड किंवा लायनर चिकटून बसतात. मग गाडी हलवताना ‘टक्’ असा आवाज येतो आणि नवा मालक घाबरून सर्व्हिस सेंटरला फोन लावतो. तेवढं काही झालेलं नसतं. सोसायटीच्या बाहेर एक चक्कर मारून, मागे कोणी नाही हे पाहून तीन-चार वेळा हलका ब्रेक लावला की डिस्क कोरडी होते आणि गंजाचा थर खरवडून निघतो. तो अर्थातच नुकत्याच धुतलेल्या रिमवर येऊन बसतो, म्हणून चाकांवरचा शेवटचा कोरडा फडका ही चक्कर झाल्यावर मारावा.